खणाची चिंधी आणि दोन उपास

"ओ पावणं, जरा थांबा की... ती बॅग—"

मुंबईच्या विमानतळावर बॅगांच्या फिरत्या पट्ट्यापाशी माझ्या पाठीमागून हा आवाज आला. 'पावणं' म्हणतोय म्हणजे माणूस कोल्हापूरचा, हे मागं न वळताच कळलं. पण त्या दिवशी साक्षात कैलासावरून कुणी आलं असतं, तरी मी धड बोलले नसते. लंडनहून निघालेलं आमचं विमान मधेच आखातातल्या एका विमानतळावर आठ तास बंद पडून राहिलं होतं. सकाळी पोचायची ती मी शनिवारी दुपारी पोचले होते. डोकं ठणकत होतं, पोटात कावळे ओरडत होते. आणि मला राग लवकर येतो, हे आत्ताच सांगून टाकते. मागाहून कुणी 'तुझीच चूक होती' म्हणायला नको.

मी बॅग खाली उतरवली आणि वळले. सहा फूट उंच, रुंद खांद्यांचा एक माणूस उभा होता. डोळ्यांत झोप, केस पिंजारलेले, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू... त्या हसण्यानं तर मी आणखीच भडकले.

"माझी बॅग मला कळत नाही असं वाटतंय का तुम्हाला?"

"तसं न्हाई ओ, पण—"

"हँडलला खणाची चिंधी बांधलीय, दिसतेय? हिरवा खण, तांबडा काठ. आमच्या दुकानातला. अख्ख्या विमानात अशी चिंधी दुसऱ्या कुणाच्या बॅगेला असेल का, तुम्हीच सांगा!"

त्यानं तोंड उघडलं. माझ्याकडं बघितलं, मग बॅगेला अडकवलेल्या चिठ्ठीकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं... आणि तोंड मिटलं.

"बरं," तो म्हणाला. "न्या की."

मी नेली. बाहेर पडेपर्यंत त्याची नजर पाठीवर जाणवत होती. खोटं कशाला बोलू, एकदा मागं वळून बघावंसंही वाटलं. बघितलं नाही.

१९९९ सालची ही गोष्ट, श्रावणातली. माझी ताई इंग्लंडात लेस्टरला असते, तिच्या बाळंतपणासाठी मी सहा आठवडे गेले होते. अव्वा, म्हणजे आमची आई, असती तर तीच गेली असती. पण ती जाऊन चार वर्षं झालेली. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं खणांचं दुकान, वरच्या मजल्यावर घर, आणि घरात मी आणि अप्पा दोघंच.

आम्ही लिंगायत. आठव्या वर्षी माझी दीक्षा झाली, तेव्हापासून इष्टलिंगाची चांदीची डबी माझ्या गळ्यात आहे. रोज आंघोळ झाली की लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा, आणि मगच तोंडात घास घालायचा. मी काही फार सोवळ्यातली नव्हे. पण हा नेम कधी मोडला नव्हता. अव्वा गेली तेव्हा तिला पुरताना अप्पांनी तिचं लिंग तिच्या तळहातावर ठेवलेलं मी बघितलंय. ते दीक्षेपासून मातीत जाईपर्यंत अंगावरून उतरवायचं नसतं.

आणि मी शहाणीनं ते उतरवलं होतं. जाताना विमानतळावरच्या यंत्रानं डबीपाशी ठणाणा केला. तिथल्या बाईनं डबी उघडायला लावली, लिंग दोन बोटांत धरून उलटंपालटं करून बघितलं. मी तिथंच रडले होते. तो प्रकार पुन्हा नको, म्हणून येताना मी डबी रेशमी कापडात गुंडाळली आणि मोठ्या बॅगेत साड्यांच्या मधोमध ठेवून दिली. म्हटलं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. सकाळी उतरलं की घालू गळ्यात.

शुक्रवारी दुपारी ताईकडं जेवले, ते शेवटचं. विमान रखडलं, आणि मुंबईच्या गर्दीत बॅग उघडून पसारा मांडायची लाज वाटली. रात्रभर बसमध्ये बसून रविवारी सकाळी घरी आले.

अप्पा दारात उभेच होते. शेजारच्या धोंडुबाई विलायतेची चॉकलेटं बघायला येऊन बसल्या होत्या. मी कौतुकानं बॅग उघडली... आणि वर आले शेणानं माखलेले गुडघ्याएवढे रबरी बूट! त्याखाली तंबूएवढे बनियन. त्याखाली दोन लिटरची दुधाची बाटली, तिला अंगठ्याएवढं रबरी बोंड.

"अगं बया!" धोंडुबाई म्हणाल्या. "ताईचं बाळ एवढं दांडगं हाय?"

दोघंही हसले. मला मात्र दरदरून घाम फुटला. कपडे गेले, चॉकलेटं गेली, त्याचं काही नाही. माझं लिंग कुठं असेल? कुणाच्या हातात असेल? कुणी भंगारात टाकून नुसती चांदी तर ठेवून घेणार नाही ना?

"बॅग बदलली वाटतं," अप्पा म्हणाले. "मिळेल गं. चल, आधी पूजा करून जेवून घे. अंबील केलीय."

"पोट बिघडलंय, अप्पा. विमानातलं खाणं..."

अप्पांनी गुपचूप ओव्याची पुडी आणून दिली. त्यांच्याशी खोटं बोललेली मी ती पहिलीच वेळ. खरं कुठल्या तोंडानं सांगणार होते? अव्वा गेल्यापासून हा माणूस रोज सकाळी मला लाडानं विचारायचा, "यव्वा, पूजा झाली?" तेवढंच एक विचारायचा.

बॅगेतल्या फायलीत नाव सापडलं. पृथ्वीराज, कसबा बावडा. दूध संघानं गाई बघायला हॉलंडला पाठवलेला माणूस, आखातातच आमच्या विमानात चढला असणार. म्हणजे माझी बॅग रिक्षानं वीस मिनिटांवर होती! मी आंघोळ करून निघणारच होते. पण न्हाणीतून बाहेर येते तर अप्पा म्हणतात, "अगं, तो मुलगा येऊन बॅग बदलून गेलासुद्धा. चांगला आहे. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाला."

मी बॅग उचकटली. साड्या होत्या. चॉकलेटं होती. ताईनं दिलेलं स्वेटरसुद्धा होतं.

डबी नव्हती.

दोन दिवसांच्या उपाशी पोटी जो राग येतो ना, त्याची चव निराळीच असते. चोर कुठला! एवढा मोठा देह आणि नजर चांदीच्या डबीवर! मी चपला अडकवल्या, कोपऱ्यावरची रिक्षा पकडली आणि बावड्याला गेले. वाटेत ऊन-पावसाचा खेळ चालला होता. रस्त्याकडेचा ऊस नुसता चमकत होता. एरवी मी हात बाहेर काढून पाऊस झेलला असता.

अंगणात तो वासराला बाटली पाजत बसला होता. मला बघून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते चोराचं नव्हतं. पण मी कुठली थांबते!

"माझी डबी द्या! मुकाट्यानं द्या, नाहीतर गाव गोळा करीन!"

"आवो, देतो की..."

"कोण हाय रं?" आतून त्याची आई आली. हिरवं लुगडं, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की शेजारची कोंबडी उडून कौलावर बसली. या शालूबाई. आमच्या दुकानातनं दर सणाला खण न्यायच्या, अप्पांना आण्णा म्हणायच्या. लेकाच्या बॅगेला चिंधी त्यांनीच बांधलेली, आणि कापड आमचंच.

"लिंगायताच्या आण्णांची पोर व्हय तू? ये बाई, आत ये. तुझा देव बसलाय बघ आमच्यात."

मी आत गेले. देवघरात त्यांच्या जोतिबाच्या टाकाशेजारी एक घासलेलं तांब्याचं ताम्हन होतं. त्यात माझी रेशमी पुरचुंडी होती. गाठ जशी मी मारली होती तशीच. वर ताज्या बेलाची पानं. समोर समई तेवत होती.



"सोडली न्हाई बरं का," पृथ्वीराज दारातूनच म्हणाला. "आईनं माझीच समजून बॅग उघडली, आन् कापडातली डबी हाताला लागली. शाळेत माझ्या बाकावर सोमशेखर बसायचा, त्याच्या गळ्यात बघितलंय. म्हटलं, हे असं बॅगंत ठेवायचं न्हाई. आईनं आंघोळ करून उचलून ठेवलं."

"मग सकाळी... अप्पांना का नाही दिलंत?"

"देव काय पिशवीत घालून न्यायचा? आन्..." तो घुटमळला. "तुम्ही ते बॅगंत ठेवलेलं अप्पांस्नी ठाऊक नसणार, असं वाटलं. त्यांच्या हातात दिलं असतं, तर तुमास्नी बोलणी बसली असती. तुमची तुम्ही न्याल, म्हणून ठेवलं."

मी मान खाली घातली. ज्याला वाटभर मनातल्या मनात चोर चोर म्हणत होते, त्यानं माझी लाज राखली होती. डोळे भरून आले, आणि मी ते लपवलेही नाहीत.

शालूबाईंनी पाट मांडला. मी लिंग तळहातावर घेतलं, भस्म लावलं, त्यांच्याच अंगणातला बेल वाहिला. पूजा होईपर्यंत घरात कुणी बोललं नाही. शालूबाईसुद्धा नाही, आणि हे सोपं नव्हे.

"आता जेव," मग त्या म्हणाल्या. "भिऊ नकोस, श्रावण हाय. मटणाची भांडी माळ्यावर गेल्याती. तोंड का गं एवढंसं झालंय? सकाळपासनं काय खाल्लं न्हाईस?"

"शुक्रवारपासून," मी म्हणाले. "पूजेशिवाय आम्ही जेवत नाही."

पृथ्वीराजचा चेहरा एकदम उतरला. पांढराफटक पडला म्हणा ना.

"शुक्रवारपासनं...?" तो जमिनीकडं बघत राहिला. "मग मला सांगायला पायजे. पट्ट्यावर... मला कळलं व्हतं. ती बॅग माझी हाय, हे मी बघितलं व्हतं."

"काय?"

"एकदा म्हणालो, तुम्ही डोळं वटारलंसा. दुसऱ्यांदा म्हणणारच व्हतो. पण तुमची बॅग मागनं येत व्हती, तिच्या चिठ्ठीवर वाचलं. शिवलीला, लक्ष्मीपुरी. म्हटलं, आत्ता गप बसलो तर परत द्यायला जाता येईल... अजून एकदा बघता येईल. मुद्दाम गप बसलो. हे असलं काय आत असंल, ते सपनात सुदीक न्हवतं."

शालूबाईंनी लेकाच्या पाठीत असा धपाटा घातला की बाहेर वासरू हंबरलं.

मी ताटावरून उठणारच होते. पण ताटात गरम भाकरी होती, मुगाची आमटी होती, वर लोण्याचा गोळा. मी बसले. चार भाकऱ्या खाल्ल्या, एका शब्दानं बोलले नाही. उपाशी पोटी नीट भांडताही येत नाही. हात धुतले, पदराला पुसले, आणि मग भांडले.

"तुम्हाला गंमत वाटली? दोन दिवस मी पाण्यावर होते! वडिलांशी खोटं बोलले! माझा जीव टांगणीला, आणि तुम्हाला मला बघायची हौस! कळत असून जो गप्प बसतो ना, त्याच्यापेक्षा चोर परवडला. पुन्हा मला तोंड दाखवू नका!"

 तो नुसता उभा राहिला, हात बांधून, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

घरी आले. डबी गळ्यात होती, पोट भरलेलं होतं. मग आता काय कमी होतं? पण चैन पडेना. सोमवार गेला. गिऱ्हाइकानं हिरवा खण मागितला तर मी निळा काढून दिला. त्याचा राग येत होता, हे खरंच. पण राग आठवायला गेलं, की आधी ती न सोडलेली गाठ आठवायची. 'अजून एकदा बघता येईल' हे त्यानं ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज आठवायचा. आणि मी स्वतःवरच चिडायचे.

मंगळवारी सकाळी दुकानात गर्दी होती. पुढं गौरी-गणपती. अप्पा कात्री घेऊन खण फाडत होते, आणि दारातून आवाज आला.

"आण्णा! तुमच्या पोरीला सांगा, माझं पोरगं मरंल!"

शालूबाई! अख्खं दुकान वळून बघायला लागलं.

"दोन दिस झालं, अन्नाचा कण घेत न्हाई! म्हणतोय, ती माझ्यापायी उपाशी राहिली, आता तिनं माफ केल्याबिगर म्या जेवणार न्हाई. आवो, एका बैठकीला आठ भाकऱ्या खाणारं पोर माझं! गाईची धार काढताना चक्कर आली त्येला!"

"कोण उपाशी राहिली?" अप्पांनी शांतपणे विचारलं.

"ही की! देव आमच्यात, आन् ही हितं उपाशी!"

संपलं. आता लपवायला काही उरलंच नाही. मी अप्पांना आत नेलं आणि सगळं सांगितलं. यंत्र, ती बाई, साड्यांच्या मधोमध ठेवलेली डबी, बेलाची पानं... सगळं. ते ऐकत होते, हातातली कात्री तशीच. मला वाटलं, आता हे माझ्याशी बोलायचे बंद होणार. अव्वाचं नाव काढतील, आणि मी जागच्या जागी मरेन.

"लिंग कुठं आहे?"

मी गळ्यातली डबी बाहेर काढली. त्यांनी दोन्ही हात जोडून तिला डोकं टेकवलं. वर बघितलं तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

"दोन दिवस माझी पोर उपाशी, आणि मी ओव्याची पुडी देत बसलो," ते म्हणाले. "मला भीत होतीस, यव्वा? तुझी अव्वा असती तर तिला सांगितलं असतंस. माझंच चुकलं."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती, खोळंबू देत.

मग त्यांनी डोळे पुसले. "आता वर जा आणि स्वयंपाक कर. आपल्यामुळं कुणी उपाशी असताना आपण जेवायचं नसतं. मी येतो बरोबर. ज्यांनी देव सांभाळला, त्यांचे आभार मानायला मलाच जायला हवं."

मी एवढ्या घाईत स्वयंपाक कधी केला नव्हता. भाकरी, आमटी, वांग्याची भाजी, भात. शालूबाईंना अप्पांनी इरकली खण दिला, तर त्या म्हणतात कशा, "चिंधी बांधायला बारीक तुकडा बी द्या."  रिक्षा बावड्यात शिरली तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले, "लोक बोलतील. बोलू देत. पण मला चोरून काही ठरवू नकोस."

म्हणजे माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं दिसत होतं तर!

अप्पा पडवीत शालूबाईंशी बोलत बसले. मी डबा घेऊन मागं गोठ्यात गेले. बारीक पाऊस पत्र्यावर वाजत होता. तो गव्हाणीला टेकून बसला होता. दोन दिवसांत गाल आत गेले होते. मला बघून धडपडत उठला.

"बसा," मी म्हणाले. "पडाल."

"माफ केलंसा?"

"नाही."

"मग डबा कशाला आणलासा?"

"जेवा म्हणून."

"माफी न्हाई तर जेवण न्हाई. शब्द दिलाय सोताला."

"कसले हट्टी आहात हो! ज्याच्याबद्दल काही वाटत नाही, त्याच्यासाठी कोण सकाळी सकाळी सहा भाकऱ्या थापतं?" मी डबा उघडून त्याच्यापुढं आदळला. मग आवाज खाली आला, आपोआप... "मला तुम्ही आवडता. राग आहे तो आहेच. पण आवडता. आता तरी जेवाल?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. पाऊस वाजत होता, आणि मला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं होईल.

"आणि एक ऐका," मी घाईघाईनं म्हणाले. "यापुढं काही कळलं, की लगेच बोलायचं. गप्प बसायचं नाही. चांगलं असो, वाईट असो. कबूल?"

"कबूल."

त्यानं हात धुतले. भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, पहिला घास घेतला. डोळे मिटून चावला. मग डोळे उघडले.

"बोलू?"

"बोला की."

"आमटीत मीठ न्हाई."

मी कपाळावर हात मारला. तो हसला, पहिल्या दिवशी ज्या हसण्यावर मी भडकले होते तसंच, ओठांच्या कोपऱ्यात.

"आन् अजून एक... लगीन करशील माझ्यासंगं?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. माझे कान तापले.

"करीन," मी म्हणाले. "पण अप्पांना विचारा. चोरून काही ठरवायचं नाही, असं सांगितलंय त्यांनी."

तर हा माणूस खरंच उठला! उष्ट्या हातानं, तोंडात घास तसाच, तरातरा पडवीत गेला. मी मागनं "अहो... अहो!" करत धावले.

"अप्पा," तो म्हणाला, "मला जरा बोलायचं हाय. तुमच्या शिवलीलाबद्दल."

अप्पांनी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या उष्ट्या हाताकडं बघितलं. मग दाराआड उभी राहिलेल्या माझ्याकडं बघितलं. शालूबाईंनी जन्मात पहिल्यांदा श्वास रोखून धरला असेल.

"ताट सोडून उठू नये," अप्पा म्हणाले. "पोटभर जेवून घ्या आधी. मी कुठं पळून चाललोय? बसलोय की हितंच."